गप्प लाइनवर कोण आहे?

“तुझं हे गप्प बसणं ना, एक दिवस तुला नडणार आहे,” ताईनं तिला बजावलं होतं. बाळाच्या दुपट्यांच्या घड्या घालता घालता, मान वर न करता. “तू गप्प झालीस की समोरच्याला कळतच नाही, तू रागावलीयस, रडतेयस, की उभ्या उभ्या डोळा लागलाय. मी बहीण आहे म्हणून वाट बघत बसते. सगळं जग काही तुझी बहीण नाही.”

“ज्याला कळायचं त्याला कळतं,” ती म्हणाली होती आणि दुपट्याचं दुसरं टोक धरलं होतं.

“हो, कळतं ना! तोवर त्याला दोन मुलं झालेली असतात.”

ती हसली आणि विषय तिथंच मिटला. मोठ्या बहिणींची बोलणी छत्रीसारखी असतात. लख्ख ऊन असताना ती कोण उघडतं?

शिवाय तिची नोकरीही अशी, की बोलायची फारशी वेळच येऊ नये. टेलिफोन कंपनीत ती इंजिनिअर होती. दिवसभर मशीनरूम – खिडकी नाही, हुडहुडी भरेल असा गारठा, माणसापेक्षा उंच कपाटांच्या रांगा आणि त्यांत लुकलुकणारे हिरवे दिवे. कंपनीनं मोठं काम काढलं होतं. इतकी वर्षं टेलिफोनचा संसार वेगळा आणि इंटरनेटचा वेगळा. आता दोघांची चूल एक करायची होती. बोलणं, निरोप, व्हिडिओ, सगळं एकाच सर्व्हर प्लॅटफॉर्मवरून. मशीनं दोन गावांत ठेवायची. एकीकडचं मशीन बंद पडलं तर दुसरीकडच्यानं ते ओझं असं उचलायचं, की बोलणाऱ्याच्या तोंडातला शब्दही अर्धा राहू नये. आणि आज हजार माणसं बोलत असतील, उद्या दहा लाख आली, तर चार मशीनं वाढवून भागलं पाहिजे. पाया उकरायची पाळी येता कामा नये. टेलिफोनची बाजू तिच्याकडे होती. इंटरनेटची बाजू दुसऱ्या गावात कुणाकडे तरी होती. मेलच्या तळाशी एक नाव, बस.

दुपारी जेवायला सगळे कँटीनमध्ये घोळक्यानं जात. ती मात्र डबा घेऊन मशीनरूमबाहेरच्या चाचणीच्या खोलीत बसे. तिथं टेबलावर एक फोन होता. तो वाजला की रेकॉर्ड केलेला आवाज उत्तर देई: ‘नमस्कार. ही चाचणीची लाइन आहे.’ माणसानं उचलायचा तो फोनच नव्हे. पण त्या दिवशी रेकॉर्डिंगचं काहीतरी बिनसलं होतं. फोन वाजतच राहिला. शेवटी कानाला त्रास नको म्हणून तिनं तो उचलला.

“नमस्कार.”

“नमस्कार बाई,” पलीकडून पुरुषाचा आवाज आला. दमलेला, पण आत कुठंतरी हसणारा. “आता म्हणाल, ही चाचणीची लाइन आहे. म्हणा, म्हणा. पण एक सांगू? रागावू नका हं… तुमचं ते वाक्य फार उदास आहे हो. घरचं कुणीतरी गेल्यासारखं. रेकॉर्ड करताना जरा हसायचं होतंत.”

रेकॉर्डिंगमधला आवाज तिचाच होता. एका दुपारी दुसरं कुणी तयार होईना, म्हणून साहेबांनी तिलाच बसवलं होतं.

“पुढच्या वेळी हसते,” ती म्हणाली.

पलीकडे काहीतरी धाडकन पडलं. बहुधा खुर्ची.

“तुम्ही… तुम्ही जिवंत आहात?”

“डबा खातेय. म्हणजे असणार.”

अशी ओळख झाली. मेलच्या तळाशी ज्याचं नाव असायचं, तोच हा. रोज दुपारी तो ही लाइन तपासायला फोन करी, आणि त्याच्याकडच्या मशीनरूममध्येही जेवायला सोबत नसल्यामुळे रेकॉर्डिंगशी चार शब्द बोलून ठेवून देई.

“रेकॉर्डिंगशी?” तिनं विचारलं.

“उलट बोलत नाही ना ते. बरं पडतं.”

दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंग दुरुस्त झालं. पण दुपारी फोन वाजला तेव्हा तिनं ते बंद केलेलं होतं.

*

टोपणनावं ठेवायला त्यांना फार वेळ लागला नाही. ती ‘डायलटोन बाई’ झाली. कारण तिचं एकच पालुपद: रिसीव्हर उचलला की आवाज आलाच पाहिजे, मग भूकंप होवो की पूर येवो. आणि तो ‘रिट्राय’ झाला. कारण कुठलीही अडचण सांगा, त्याचं उत्तर ठरलेलं – नाही पोचलं? परत पाठवायचं. परत नाही पोचलं? परत पाठवायचं.

“तुम्ही टेलिफोनवाले एक तार जोडायच्या आधी दहादा विचार करता,” तो म्हणायचा.

“आणि तुम्ही इंटरनेटवाले तुटल्यावरसुद्धा एकदा करत नाही.”

“म्हणूनच तर दोघांना एकत्र बांधलंय. तुम्ही अडवायचं, मी पळायचं.”

मग खऱ्या चाचण्या सुरू झाल्या. साहेबांनी दोघांना कामच तसं नेमून दिलं. दोन गावांमध्ये एक कॉल लावायचा आणि धरून ठेवायचा. तो तिकडून एकेक मशीन मुद्दाम पाडणार. लाखो खोटे कॉल वरून ओतणार. पण यांचा हा एक खरा कॉल तुटता कामा नये. एक अक्षर गाळलं गेलं तरी कळलं पाहिजे, म्हणून बोलत राहायचं.

“काय बोलायचं, साहेब?” तिनं काळजीनं विचारलं.

“काहीही बोल. पाढे म्हण.”

पहिल्या दिवशी तिनं खरंच पाढे म्हटले. तेवीसचा पाढा आला तेव्हा तो कळवळून म्हणाला, “बाई, मशीनं आपण होऊन पडायला लागलीत. दुसरं काहीतरी घ्या.”

मग तो बोलू लागला आणि मग तीही. आधी कामाचं, मग कामाच्या आडून इकडचं तिकडचं. लहानपणी तो रेडिओ उघडून आत बसलेली माणसं शोधायचा. ती ताईबरोबर काड्यापेट्यांना दोरा बांधून फोन करायची, आणि ताईच बोलायची, हिच्या वाट्याला नुसतं ‘हं’.

“आता पहिलं मशीन पाडतोय,” तो सांगायचा. “घट्ट धरा.”

“काय धरू?”

“रिसीव्हर. दुसरं काय आहे धरण्यासारखं?”

तिच्या कानाच्या पाळ्या गरम व्हायच्या. त्या गारठ्यात तेवढीच काय ती ऊब.

“तुमच्याकडे पाऊस पडतोय का हो? टपटप ऐकू येतंय.”

“एसी गळतोय. खाली बादली ठेवलीय.”

“असू दे. मी पाऊसच समजतो. इकडे खिडकी नाहीये…”

“इकडेही नाही.”

“मग झालं तर. दोघांनी मिळून पाऊस समजायचा. बहुमत आपलं.”

एकदा त्यानं न सांगता तीन मशीनं एकदम पाडली. तिच्या समोरचे दिवे भराभर लाल झाले आणि तिच्या तोंडून निघून गेलं, “अरे, वेडा आहेस का?”

दिवे पुन्हा हिरवे झाले. कॉल तसाच शाबूत होता.

“…‘आहेस’?” पलीकडून हळूच आलं.

“आहात. आहात म्हणायचं होतं मला.”

“छे छे. आता ते परत घेता येणार नाही. ऐकू आलंय मला. अक्षर न गाळता, स्वच्छ ऐकू आलंय. हेच तपासत होतो ना आपण?”

त्याच दिवसांत दोघांनी आपापला एकेक नियम मशीनमध्ये घातला. त्याचा नियम असा: माणूस बोलत नसेल तेव्हा तारेवरून काहीच पाठवायचं नाही. रिकामी शांतता वाहून नेण्यात मशीन कशाला झिजवायचं? तिचा नियम असा: ज्या लाइनवर अर्धं मिनिट काहीच येत नाही ती मेली असं समजायचं आणि कापून टाकायची. नाहीतर अशा मेलेल्या लाइनी जागा अडवून बसतात आणि खऱ्या माणसाला फोन लागत नाही.

“गप्प माणसाला मी फुकट वाहून नेत नाही,” तो म्हणाला.

“आणि मेलेल्याला मी जागा देत नाही,” ती म्हणाली.

“वा! काय जोडी जमलीय.”

जोडी हा शब्द दोघांनीही ऐकला. आणि दोघंही लगेच दुसऱ्याच कशाबद्दल तरी बोलू लागले.

संध्याकाळी ती आपल्या भाड्याच्या खोलीवर येई. कुलूप, अंधार, दिव्याचं बटण. एक खुर्ची, एक ताट. भिंतीपलीकडे कुणाचा तरी टीव्ही हसायचा. पूर्वी तिला यात काही वावगं वाटत नसे. पण आता दिवसभरात काहीही घडलं – लिफ्टमध्ये कुणाची छत्री अडकली, दुकानदारानं तिला चुकून ‘काकू’ म्हटलं – की ते ती त्याच्यासाठी बाजूला काढून ठेवी, शाळेतून येणाऱ्या मुलासाठी खाऊ झाकून ठेवावा तसं. माणसाला एकटेपणाची सवय होते, ते खरं. पण एकदा का कुणाची सोबत चाखली की तीच खोली खायला उठते.

दोघांनी एकमेकांना पाहिलेलं नव्हतं. फोटो पाठवू का, असं त्यानं एकदा विचारलं. “नको,” ती म्हणाली, “प्लॅटफॉर्म सुरू झाला की येईनच मी तिकडे.” खरं कारण वेगळं होतं. चेहरा बघितला की परत लाजायला सुरुवात होईल, अशी तिला धास्ती होती. आवाजाशी कसं सगळं जमून आलं होतं.

*

प्लॅटफॉर्म सुरू झाला. एकही मशीन कुरकुरलं नाही. साहेबांनी सगळ्यांशी हात मिळवले, आणि कर्मचाऱ्यांना ही नवी सेवा असलेले कंपनीचे फोन मोफत मिळाले. चाचण्या संपल्या. दुपारचा फोन थांबला. मग तो संध्याकाळी फोन करू लागला.

अशाच एका संध्याकाळी ती खोलीबाहेरच्या जिन्यात बसली होती. दोरीवरचे ओले कपडे ठिबकत होते. त्याचा आवाज आज सरळ येत नव्हता… घुटमळत होता.

“ऐक ना. मला एक काम आलंय. परदेशात. हेच, असाच प्लॅटफॉर्म, पण आपल्या दहापट मोठा.”

“अरे वा.”

“नुसतं अरे वा?”

“अभिनंदन.”

“डायलटोन बाई…” तो थांबला. “त्यांना उत्तर द्यायचंय मला. मी जाऊ – की राहू? म्हणजे जायलाच हवं असं नाही. कुणी थांब म्हणालं असतं तर… कुणी म्हणजे, तू.”

तिच्या घशात शब्द आला. एकच होता, तीन अक्षरांचासुद्धा नव्हता. थांब. पण त्याच्यापाठोपाठ दुसरेही हजार आले. मी कोण थांबवणारी? उद्या त्याला पस्तावा झाला तर? याला मी पाहिलंसुद्धा नाही. आणि पाहिलं नाही तरी हा गेला तर या जिन्यात बसून मी कुणाची वाट बघू? कपड्यांतून एक थेंब पडला, मग दुसरा. तो वाट पाहत होता. त्याचा श्वास ऐकू येत नव्हता, पण तो तिथं होता याची तिला खात्री होती. तिनं डोळे मिटले, श्वास घेतला, तोंड उघडलं –

टूं… टूं… टूं…

फोन कटला होता.

ती हातातल्या फोनकडे बघत राहिली. कापला यानं? एवढंही थांबवलं नाही याला? लाइन तुटली असेल असं तिच्या मनातसुद्धा आलं नाही. लाइन तुटणं शक्यच नव्हतं! मशीनं पाडून, लाख कॉल ओतून, महिनेच्या महिने तपासलेली लाइन ती. मशीनवर तिचा इतका विश्वास होता, की संशय घ्यायला माणूसच काय तो उरला.

रिट्राय आहे तो, तिनं स्वतःला सांगितलं. करेल परत.

त्यानं केला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, त्या आठवड्यातही नाही. तिचं बोट त्याच्या नावावर जायचं आणि तापलेल्या तव्याला लागल्यासारखं मागं यायचं. ज्यानं उत्तर ऐकायच्या आत फोन ठेवला, त्याला उत्तर कशाला हवंय?

मग साहेब एकदा जाता जाता म्हणाले, “तुझा तो रिट्राय चालला म्हणे. कंपनीचा फोनसुद्धा परत केला. महिनाअखेरीपर्यंत आहे, मग गेला.”

“हो का,” ती म्हणाली. जेवायला ती परत त्या चाचणीच्या खोलीत गेली. आता रेकॉर्डिंग चालू असायचं. ‘ही चाचणीची लाइन आहे,’ आपलाच आवाज तिनं ऐकला. खरंच, कुणीतरी गेल्यासारखा होता.

*

ताईचा फोन आला तो भांडणाच्या तयारीनंच.

“तुमची ती नवी फोनसेवा आहे ना, ती एक नंबरची नालायक आहे.”

“काय झालं?”

“तुझ्या भावोजींचा जुना फोन मी बाळाच्या उशाशी ठेवते. माझ्या फोनवरून त्याला कॉल लावून ठेवते आणि मग स्वयंपाकघरात जाते. बाळ उठलं की ऐकू यावं म्हणून. आधी व्यवस्थित चालायचं. आता मेला कटतो!”

“केव्हा कटतो?”

“हीच तर गंमत! बाळ रडत असलं की अगदी ठणठणीत चालू. झोपलं की कटलाच. अगं, रडताना मला फोन कशाला हवाय? ते शेजारणीलाही ऐकू येतं. बाळ गप्प झालं की मगच तर मला जास्त ऐकायचं असतं! तेव्हाच जीव टांगणीला लागतो. दिवसातून दहादा पळत जाऊन बघते, श्वास घेतंय ना म्हणून… हॅलो? ऐकतेयस ना? झालं! परत गप्प!”

“आहे मी ताई,” ती घाईनं म्हणाली. “आहे. फोन ठेवते. नंतर बोलते. रागावून नाही ठेवत हं, कळलं ना?”

“हे कधीपासून सांगायला लागलीस?” ताई चकित झाली होती.

तिनं दोन फोन घेतले. एकावरून दुसऱ्याला कॉल लावला आणि दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. आधी ती बोलली – काहीबाही, तेवीसचा पाढा. कॉल चालू. मग ती गप्प बसली. श्वाससुद्धा दबकत घेतला. पडद्यांवर वेळ पुढं सरकत होती. एसीखालच्या बादलीत थेंब पडत होते… आणि दोन्ही पडदे एकदम विझले. कुणी हात लावला नव्हता. दोघांपैकी कुणीच कापला नव्हता.

त्याच्या नियमानं शांततेत काही पाठवलं नाही. तिच्या नियमाला काही आलं नाही म्हणून माणूस मेला असं वाटलं. एकेकटे दोन्ही नियम शहाणे होते. एका चुलीवर आले आणि गप्प माणसाच्या जिवावर उठले. आणि एवढ्या चाचण्यांत हे सापडलं कसं नाही? कारण चाचणीच्या कॉलवर ही दोघं होती! अर्धं मिनिट गप्प बसायला त्यांना फुरसत होती कुठं? एकमेकांशी बोलायची इतकी हौस, की मशीनला शांतता कशी असते ते कधी कळलंच नाही.

म्हणजे त्या संध्याकाळी त्यानं ठेवला नव्हता. त्याला मात्र तिकडे तेच टूं टूं ऐकू आलं असणार. आणि त्यानं त्याचा अर्थ काय लावला असेल? ‘जा.’

ती साहेबांकडे गेली. सगळं सांगितलं, म्हणजे मशीनचं सगळं. साहेबांनी कपाळाला हात लावला. “मग तुझा नियम बदल लगेच.”

“नुसता माझा बदलून भागणार नाही, साहेब. मेलेल्या लाइनी साठतील. दुसरा नियम त्यांच्याकडचा आहे. मला जायला हवं.”

“ई-मेल नावाचा प्रकार ऐकलायस का तू?”

“ऐकलाय. पोचला की नाही, ते कळत नाही त्यात.”

साहेब तिच्याकडे चष्म्यावरून बघत राहिले. वर्षभरात ती त्यांच्याशी इतकी वाक्यं सलग बोलली नव्हती. “जा,” ते म्हणाले. “आणि हो, त्याला सांग, मशीनरूमच्या किल्ल्या परत करायला विसरू नकोस म्हणावं.”

*

पहाटेच्या बसनं ती निघाली. खिडकीच्या काचेवर बारीक पाऊस तिरका धावत होता, आणि ती ओठांतल्या ओठांत वाक्यं जुळवत होती. हळू आवाजात, नीट, समजूतदारपणे सांगायचं ठरवलं होतं तिनं.

त्याच्या मशीनरूमच्या दारातल्या रखवालदारानं बोट दाखवलं. “ते बघा, निळ्या स्वेटरवाले.”

आवाज उंचापुरा होता. माणूस बेताचा निघाला. चष्मा. बाहेर आलेले कान. कपाटासमोर उकिडवा बसून तो केबल मोजत होता. तिला रडू आणि हसू एकदमच यायला लागलं. ती आत गेली – आणि आत पंख्यांची ती घरघर! शेकडो मशीनं एकाच वेळी गुरगुरत होती. तिनं जुळवलेलं हळुवार वाक्य ओठांबाहेर पडलं आणि तिथंच विरून गेलं.

त्यानं वर पाहिलं. ओळख नव्हती त्या नजरेत. “कोण हवंय?” त्याचे ओठ हलले.

आयुष्यात ती कधी ओरडली नव्हती. भाजीवाल्यावर नाही, बसच्या कंडक्टरवर नाही. तिनं छाती भरून श्वास घेतला.

“फोन मी कापला नव्हता!”

तो तसाच बसून राहिला. मग कानातले बोळे काढले, एक, दुसरा… आणि हळूहळू उभा राहिला.

“काय?”

“मी! कापला! नव्हता!”

“मग कुणी?” तोही ओरडला.

“तुझ्या नियमानं! आणि माझ्या! मी गप्प बसले होते, रे! नुसती गप्प बसले होते!”

पलीकडच्या रांगेतून दोन डोकी वर आली आणि सभ्यपणे पुन्हा खाली गेली. तो तिच्याकडे बघत होता, ज्या चेहऱ्यातून तो आवाज येतोय तो चेहरा पाठ करत असल्यासारखा. “मला वाटलं,” तो म्हणाला, आणि पुढचं पंख्यांनी खाल्लं. पण ओठांवरून तिला वाचता आलं. मला वाटलं, तू ठेवलास.

दोघांनी मिळून दुरुस्ती केली. त्यानं आपला नियम बदलला: माणूस गप्प असला तरी अधूनमधून एक बारीकशी खूण पाठवायची, नुसता श्वास सोडल्यासारखी. तिनं आपला बदलला: कापण्याआधी पलीकडच्या मशीनला एकदा विचारायचं, आहेस का? मग चाचणी. या वेळची चाचणी उलटी होती. कॉल लावायचा आणि बोलायचंच नाही.

चाचणीच्या छोट्या खोलीत ते समोरासमोर बसले. मधे टेबल, टेबलावर दोन फोन. बोलायला मनाई. अर्धं मिनिट गेलं, कॉल चालू. पाच मिनिटं, चालू. त्यानं भुवया उडवल्या: जमलं की! तिनं ओठ दाबून हसू आवरलं. त्यानं खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला, घातला, परत काढून पुसला. तिनं नजर खाली नेली तर त्याचा हात टेबलावर होता, तिच्या हाताच्या अगदी जवळ, आणि दोन्ही हात काही हलत नव्हते. इतके दिवस शब्दांनी भरून टाकलेली ती शांतता आता त्यांच्यासमोर बसली होती. अवघडलेली नव्हती ती. उबदार होती. असंच तासभर बसता आलं असतं तिला.

पण एकदा मशीननं तिचं गप्प बसणं कापून नेलं होतं. दुसऱ्यांदा ती कुणालाही तशी संधी देणार नव्हती.

“थांब,” ती म्हणाली.

त्यानं ओठांवर बोट ठेवलं. चाचणी!

“बिघडू दे चाचणी. त्या दिवशी तू विचारलं होतंस. थांब, हे उत्तर होतं.”

त्याचं बोट ओठांवरच राहिलं. डोळे मात्र भरून आले. मग तो म्हणाला, “मी सही केलीय गं. वर्षाचा करार आहे.”

बाहेर कुणीतरी ढकलगाडी नेली. तिची चाकं बराच वेळ ऐकू येत राहिली.

“उशीर झाला,” ती म्हणाली.

“उशिरा पोचलं,” त्यानं तिचा हात हातात घेतला. तळवा खरखरीत होता, थंड मशीनं हाताळून झालेला. “पण पोचलं ना? आता मी वर्षानं परत येईन, तो तुझ्याकडेच. येऊ ना?”

“ये,” ती म्हणाली. लगेच. अर्धा क्षणही न घालवता.

*

तो गेला. खोली तशीच आहे – कुलूप, अंधार, दिव्याचं बटण, एक ताट. वर्ष सरता सरत नाही. संध्याकाळी ती त्याला फोन लावते आणि ओट्याशी टेकवून ठेवते. ती भांडी घासते. तिकडे तो बूट घालत असतो, त्याची सकाळ असते. कितीतरी वेळ कुणीच बोलत नाही. फोन कटत नाही.

दुरुस्तीनंतर तिनं एक काम मागून घेतलं. ‘फोन मधेच कटतो’ अशी ज्यांची ज्यांची तक्रार होती, त्या सगळ्यांना स्वतः फोन करून सांगायचं, की चूक आमची होती, आता ठीक झालंय. न बोलणारी ती, दिवसभर अनोळखी माणसांशी बोलू लागली. कुणी झापलं, कुणी आशीर्वाद दिले.

फक्त एक नंबर लागतो, वाजतो आणि उचलला जात नाही. एका आजोबांचा. त्यांची तक्रार अशी होती, की दुसऱ्या गावातल्या मित्राबरोबर ते फोनवर बुद्धिबळ खेळतात. एकजण चाल सांगतो, दुसरा आपल्या पटावर मांडतो. ‘पण हल्ली मी विचार करायला लागलो की तो फोन ठेवून देतो. म्हातारा चिडका झालाय. मीही आता करायचं बंद केलंय.’

ती रोज एकदा तो नंबर लावून बघते. मित्राचा नंबर तिच्याकडे नाही. आजोबांचा पत्ताही नाही.

तेव्हा तुमच्या इमारतीत, गल्लीत, येण्याजाण्याच्या वाटेवर कुणी एकटे आजोबा राहत असतील, आणि खिडकीशी अर्धवट खेळलेला पट दिसत असेल, तर जरा वर जा. बेल वाजवा. लगेच दार उघडलं नाही तरी निघून येऊ नका. म्हाताऱ्या माणसाला उठून यायला वेळ लागतो. आणि ते दारात आले की एवढंच सांगा – आजोबा, त्यांनी ठेवला नव्हता हो. तुमची चाल व्हायचीय अजून.